नुसत्या हाताने

४ मार्च

अगं,

तुझं पाकीट काल मिळालं. आत लांबलचक पत्र असेल म्हणून आधी चहा केला, खुर्ची खिडकीशी ओढली, चष्मा पुसला आणि मग फोडलं. आत आगारप्रमुखांच्या नावे लिहिलेला तुझा राजीनामा आणि त्याला टाचलेली चिठ्ठी: 'एवढं नेऊन द्या.' अठ्ठावीस वर्षांच्या संसारानंतर बायकोचे तीन शब्द आले. मोजले, कारण मोजणं हाच आपला धंदा.

राजीनामा अजून दिलेला नाही. देणार नाही असं म्हणत नाही. पण तुझी रजा एकतीस तारखेपर्यंत आहे, मग घोडं कशाला दामटायचं? सव्वीस वर्षं तू त्या माइकसमोर बसलीस. कागद माझ्या खणात चार दिवस राहिला म्हणून बसस्थानक कोसळत नाही.

इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ तू गेल्यापासून गळतो. दोनदा वॉशर बदलला, तरी ठिबक आहेच. खाली पातेलं लावलंय आणि ते किती वेळात भरतं ते पाहतो. तीन तास दहा मिनिटं. हसू नकोस, एकट्या माणसाला काहीतरी उद्योग हवा.

मंगळवारी धान्याच्या गोदामातला मोठा काटा तपासून येताना बसस्थानकावर थांबलो. तुझ्या जागी त्यांनी यंत्र बसवलंय. ते 'फलाट क्रमांक' म्हणतं, दम खातं, आणि आकडा भलत्याच बाईच्या आवाजात सांगतं. माणसं सामान घेऊन इकडून तिकडे पळतात. चौकशीच्या खिडकीवरची तुझी मैत्रीण म्हणाली, "भावोजी, तिला म्हणावं लवकर ये, हे यंत्र कोणाला कुठल्या गावाला पाठवेल नेम नाही." मी म्हटलं, "येईल." एवढ्या खात्रीने म्हटलं की माझा मलाच विश्वास बसला.

तिथे राहतेस, तर तुझ्या ताईला तो काट्याचा किस्सा सांगितलास का? नोव्हेंबरात तुझे रिपोर्ट घेऊन आपण बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो आणि मी मध्येच म्हणालो, "मॅडम, तुमचा हा वजनाचा काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवतोय." केवढ्या हसल्या त्या! तूही हसलीस. नंतर जिन्यात म्हणालीस, "तुम्हाला देवाघरी नेलं तरी तिथला तराजू आधी बघाल." ताईला सांग, त्यांना आवडेल.

मी बरा आहे. जेवतो. परत ये.

तुझा,
काटेवाला

११ मार्च

अगं,

या वेळी पत्र आलं. सात ओळी. चार वेळा वाचल्या, पाठ झाल्या.

'तुम्हाला माझ्याशेजारी बसवत नव्हतं. मी सोफ्यावर बसले की तुम्ही खुर्चीवर. मी खोलीत आले की तुमचं अंथरूण बाहेरच्या खोलीत. हनुवटीवरचे केस मी रोज उपटते, तरी जे मला आरशात दिसतं ते तुम्हालाही दिसत असणारच. आवाज तर असा झालाय की फोनवर ताईने विचारलं, कोण बोलतंय? मी रागावलेली नाही. अशी बायको कोणालाही नकोशी होईल. राजीनामा तेवढा देऊन टाका.'

नकोशी? अगं, तू मला नकोशी झाली नव्हतीस. हे मी शपथेवर सांगतो, आणि शपथ माझ्या प्रमाण वजनांची घेतो, म्हणजे तुला पटेल. किळस नव्हती ती. दुसरंच होतं. ते सांगायला बसलो की पेन थांबतं. म्हणून आधी जरा मागचं सांगतो, ज्याची तुला निम्मीच कल्पना आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. वीस किलोचं लोखंडी वजन मी आयुष्यभर एका हाताने गाडीतून उचलून काट्यावर ठेवत आलो. एके दिवशी ते उचलेना. दोन हात लावले, तरी गुडघ्याशी आणून खाली ठेवलं. गोदामवाला म्हणाला, "काय मिस्त्री, जेवला नाही का?" मीही हसलो. पुढच्या आठवड्यात एका दुकानात दुपारी तीन वाजता, काम अर्धवट टाकून, टेबलावर डोकं ठेवून झोपलो. दुकानदाराने मला उठवलं तेव्हा गालावर स्क्रूड्रायव्हरचा वळ उठला होता.

घरी काय झालं ते तुला माहीत आहे, कारण ते तू सोसलंस. टॉवेल ओला का, भाजी गार का, पंखा जोरात का. बिनकामाचा आरडाओरडा. आणि दुसरं. ते लिहायला लाज वाटते, पण आता लाजून कोणाचं भलं होणार? मला तुझ्याजवळ यावंसंच वाटेनासं झालं. तुझ्यात काही कमी होतं म्हणून नाही. भूकच मेल्यासारखं झालं होतं. एकदोनदा प्रयत्न केला आणि फजिती झाली. मग मी घोरतो, तुझी झोपमोड होते असं निमित्त काढून बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकलं. तू दारात उभी राहून विचारलंस, "माझं काही चुकलं का?" आणि मी भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "झोपू दे गं."

तीन शब्द तेव्हा मीही दिले होते. आज व्याजासकट परत आले.

तुला वाटलं असेल, याला कोणीतरी दुसरी भेटली. मला माहीत आहे तुला तसं वाटलं, कारण तू माझ्या गाडीतली पावतीवही चाळली होतीस. मी पाहिलं आणि गप्प बसलो. तुला तो संशय राहिला तरी चालेल, पण खरं कारण कळायला नको, असं मला वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुरुषाची मूठ रिकामी आहे हे बायकोला कळण्यापेक्षा त्याचं बाहेर काही आहे हे वाटलेलं बरं, असा हिशेब करणाऱ्या गाढवाशी तू लग्न केलंस.

बाकीचं पुढच्या पत्रात. खरंच लिहीन.

राजीनामा दिलेला नाही.

काटेवाला

१७ मार्च

अगं,

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहितोय. थांबलो तर पुन्हा हिंमत होणार नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत मी साखर तपासायला जातो म्हणून सांगून एका हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो. वयाने माझ्याहून लहान, पण बोलायला मोकळा माणूस. त्यांनी सगळं विचारलं, झोप, पोट, मूड, आणि ते दुसरं. मी छताकडे बघत उत्तरं दिली. त्यांनी सकाळी आठच्या आत रक्त द्यायला सांगितलं, कारण ते हार्मोन सकाळी जास्त असतं. कमी आलं. मला वाटलं आता औषध देतील, तर म्हणाले, "पुन्हा एकदा तपासू. एकाच रिपोर्टवर मी निकाल देत नाही." मला माणूस तिथेच आवडला. आपणही एका वजनावर काटा खराब ठरवत नाही.

दुसऱ्यांदाही कमी. मग त्यांनी समजावून सांगितलं. "वय वाढतं तसं पुरुषाचं हे हार्मोन थोडं थोडं उतरतंच, सगळ्यांचंच उतरतं. त्याला आम्ही आजार म्हणत नाही आणि त्यासाठी औषधही देत नाही. तुमचं मात्र बरंच खाली आहे आणि तक्रारीही आहेत." आधी त्यांनी थायरॉइड पाहिला, साखर पाहिली, प्रोस्टेट तपासलं. पोट कमी करा, चाला, झोप सुधारा म्हणाले. आठवतं, मी एकदम पहाटे फिरायला जायला लागलो आणि तू विचारलंस, "कोणावर छाप पाडायची आहे?" तेच ते. पाच किलो उतरलो. अंगात थोडी हुशारी आली, पण आकडा म्हणावा तसा चढला नाही. तेव्हा एप्रिलात त्यांनी जेल दिलं. छोट्या पुड्यांमध्ये येतं, रोज एक पुडी खांद्यांवर चोळायची. उठताना म्हणाले, "पुढच्या वेळी मिसेसना घेऊन या. दोघांनी ऐकलेलं बरं असतं." मी म्हणालो, "तिची ड्युटी असते."

त्या दिवशी तुला सुट्टी होती. घरी तू पडदे धुवत होतीस.

पुड्या कुठे ठेवल्या असतील? माझ्या पितळी वजनांच्या पेटीत, मखमलीच्या खालच्या कप्प्यात. कारण सबंध घरात तेवढी एकच जागा होती जिथे तू हात घालणार नाहीस. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तू त्यातलं दोनशे ग्रॅमचं वजन कौतुकाने उचललं होतंस आणि मी ओरडलो होतो, "नुसत्या हाताने नाही!" तू दचकलीस. मग मी तुला समजावलं की हाताचा घाम, हाताचं तेल लागलं की वजन वजन राहत नाही. डोळ्यांना काही दिसत नाही, पण फरक पडतो, आणि मग त्या वजनावर तपासलेला प्रत्येक काटा खोटा. म्हणून चिमटा, म्हणून सुती हातमोजे. तू हे अठ्ठावीस वर्षं पाळलंस. पेटीवरची धूळ पुसतानासुद्धा फडकं धरून पुसायचीस.

तुझ्या त्या पाळण्याचा मी असा फायदा घेतला.

दीड-दोन महिन्यांत मी माणसात आलो. तुला ते आठवत असेलच. गाणं गुणगुणायला लागलो. अंथरूण आत आणलं. तू लाजलीस, एक्कावन्नाव्या वर्षी, आणि म्हणालीस, "काय हो, तब्येत बरी आहे ना?" संध्याकाळी तुझी ड्युटी संपली की आपण सोफ्यावर बसायचो, मी आंघोळ करून बनियनवर, आणि तू माझ्या खांद्यावर गाल टेकून दिवसभरात कोणाकोणाची बस चुकली ते सांगायचीस. ते सहा महिने आपल्या लग्नातले सगळ्यात चांगले होते असं मला वाटतं. तुलाही तसंच वाटत होतं का, हे आता विचारायचा हक्क मला नाही.

आज इथेच थांबतो.

काटेवाला

२१ मार्च

अगं,

आता सरळ सांगतो. मध्ये थांबलो तर फाडून टाकीन.

जेलबरोबर माहितीचा कागद होता. सकाळी आंघोळीनंतर लावा, लगेच साबणाने हात धुवा, वाळू द्या, वरून सदरा घाला, दुसऱ्या कोणाचं अंग त्या जागेला लागू देऊ नका, लागण्याआधी ती जागा धुवा. डॉक्टरांनीही हे तोंडी सांगितलं होतं. कागदावर एका लहान मुलाचं चित्र होतं आणि त्यावर फुली. आपल्या घरात मूल नाही, म्हणून ते पान मी उलटलं. ज्या पानाने आपल्याला आयुष्यभर टोचलं, ते निदान इथे तरी लागू नाही, असं काहीसं वाटलं असेल. नक्की माहीत नाही.

सकाळी लावता येत नव्हतं. सकाळी तू आत-बाहेर करतेस, न्हाणीघराच्या आरशासमोर वेणी घालत माझ्याशी दाराआडून बोलतेस. म्हणून मी संध्याकाळी लावायचो, कामावरून आल्यावर, तू ताईशी फोनवर असताना. आणि एकीऐवजी दोन पुड्या लावायचो. डॉक्टरांनी एक सांगितली होती. एकीने एवढं बरं वाटतं, तर दोन लावल्या तर? दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी मिळवून जास्तीच्या पुड्या आणल्या. दुकानदाराने वजनात दोन ग्रॅम इकडचे तिकडे केले की मी त्याच्या काट्याला लाल खूण लावतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दोन पुड्या खांद्यांवर, वर फक्त बनियन. आणि तू येऊन तिथेच गाल टेकायचीस.

समजलं? तुझ्या शरीराने तुला दगा दिलेला नाही. चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या, हनुवटीवरचे केस, खाली उतरलेला आवाज, हे सगळं माझं औषध होतं. ते माझ्या कातडीवरून तुझ्या कातडीत गेलं, रोज संध्याकाळी, थोडं थोडं. तू म्हणायचीस पाळी जायचं वय आहे, असं होत असेल. मग ऑक्टोबरात तुझ्या रक्तात पुरुषांचं हार्मोन चढलेलं निघालं आणि डॉक्टरीणबाईंनी अंडाशयात गाठ नाही ना, ते पाहायला सांगितलं.

मला कळलं ते नोव्हेंबरात, त्यांच्या खोलीत, खुर्चीवर बसल्या बसल्या. क्षणात कळलं. त्यानंतर तुझ्या स्कॅनची तारीख मिळून रिपोर्ट यायला एकवीस दिवस लागले. ते एकवीस दिवस तू कपाटं आवरलीस, तुझ्या बांगड्या ताईला द्यायच्या म्हणून वेगळ्या काढल्यास, बँकेचे कागद कुठे आहेत ते मला दाखवलंस. मी म्हणत होतो, "काही निघणार नाही." तू विचारलंस, "तुम्हाला कसं कळतं हो?" मी म्हणालो, "मन सांगतं."

गाठ निघाली नाही. तू रडलीस, आणि मी तुला जवळ घेतलं नाही. माझ्या अंगाला जेल होतं.

हो, तेव्हाही होतं. हेच सगळ्यात वाईट आहे, म्हणून शेवटी ठेवलंय. कळल्यावर मी औषध बंद केलं नाही. मला त्या टेबलावर डोकं ठेवून झोपणाऱ्या माणसाकडे परत जायची भीती वाटली. मी ठरवलं, औषध चालू ठेवू, फक्त तुझ्यापासून लांब राहू. म्हणून तू सोफ्यावर आलीस की मी खुर्चीवर. म्हणून घरातही पूर्ण बाह्यांचा सदरा. म्हणून अंथरूण पुन्हा बाहेर. तुला जवळ घेता यावं म्हणून जे औषध घेतलं, ते सुटेना म्हणून तुलाच लांब ठेवलं. जानेवारीत तुझा आकडा उतरला आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आपोआप कमी झालं, आश्चर्य आहे." तू आश्चर्य करत घरी आलीस. फेब्रुवारीत दोन पिशव्या भरून ताईकडे गेलीस. मी जिन्यापर्यंत पिशव्या आणल्या.

परवा सगळी पेटी उपडी केली. उरलेल्या पुड्या घेऊन काल माझ्या डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी पुड्या एकेक करून मोजल्या. मग म्हणाले, "औषध वाईट नव्हतं हो. चोरून घ्यायचं नव्हतं." दुप्पट मात्रेने माझं रक्तही दाट झालंय, त्यामुळे आता सगळं बंद. त्यांनी तुझ्या डॉक्टरीणबाईंसाठी पत्र दिलंय, ते सोबत जोडलंय. ते त्यांना नक्की दाखव. तुझ्याविषयी विचारलं. म्हणाले, पुटकुळ्या जातील, केस बरेचसे कमी होतील, वेळ लागेल. आवाजाचं मात्र सांगता येत नाही. तो कदाचित पूर्ण परत येणार नाही.

हेही लपवायचं नव्हतं, म्हणून लिहिलं.

मी

२८ मार्च

अगं,

ताईचा फोन आला होता. त्या मला काय म्हणाल्या ते लिहीत नाही. एक शब्दही चुकीचा नव्हता. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. एकच प्रश्न:

'डॉक्टरांनी विचारलं होतं. घरात कोणी हार्मोनचं औषध घेतं का, असं स्पष्ट विचारलं होतं. मी नाही म्हणाले. तुम्ही शेजारी होतात. तेव्हा तुम्ही काय करत होतात?'

तुला आठवत नाही, कारण तुला आठवावं असं मी काही राहू दिलं नाही. मला शब्द न् शब्द आठवतो. त्यांनी तुझ्याकडे बघून विचारलं, "घरात कोणी हार्मोनचं काही घेतं का? गोळी, इंजेक्शन, लावायचं जेल?" जेल म्हटलं त्यांनी. तू हसून म्हणालीस, "नाही हो. आम्ही दोघंच. आणि यांना तर साधी डोकेदुखीची गोळी घ्यायचा कंटाळा." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या थांबल्या होत्या. वाट बघत होत्या.

तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, तुमचा हा वजनाचा काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवतोय."

तो किस्सा. तू अजून लोकांना सांगतेस तो.

त्या हसल्या, तू हसलीस, विषय गेला. मी उठून काटा उलटा केला, खालचा स्क्रू फिरवला, बरोबर केला. डॉक्टरीणबाई थँक यू म्हणाल्या. बाहेर येऊन तू मला तराजूवरून चिडवलंस आणि माझ्या दंडाला धरून जिना उतरलीस. मला एवढंच वाटत होतं की हिने दंड सोडावा, कारण सदऱ्याखाली... आणि हिने दंड सोडू नये.

मला तिथे बोलता आलं असतं. एक 'हो' पुरला असता. एकवीस दिवस वाचले असते. आणि मी चार मार्चच्या पत्रात हाच किस्सा ताईला सांग म्हणून लिहिलं. लिहिताना हसलोही होतो. माणूस किती निगरगट्ट होऊ शकतो ते मला या पत्रांतून कळलं.

माफी मागत नाही. मागितली तर तुला ती द्यावी की नाही हा विचार करावा लागेल, आणि आणखी एक ओझं मला तुझ्यावर टाकायचं नाही. वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. एवढंच.

तुझा राजीनामा परत पाठवतोय. तो तू लिहिलास तेव्हा तुला खरं माहीत नव्हतं. आता माहीत आहे. द्यायचा तर तूच दे. आगारप्रमुखांना मी भेटलो, राजीनाम्याविषयी काही बोललो नाही, फक्त विचारलं की आवाज बदललेली बाई चालेल का. ते म्हणाले, "अहो, इथे लोकांना फलाट कळला पाहिजे. गाणं थोडंच म्हणायचंय?"

पेटीची किल्ली पाकिटात आहे. माझ्याकडे दुसरी नाही. आता त्या पेटीत फक्त वजनं आहेत, पण तुला उघडून बघायची असेल तर उघड. हातमोजे घालायची गरज नाही.

मी

१६ एप्रिल

अगं,

तू गावात आल्याचं मला तुझ्या मैत्रिणीने सांगितलं. तिच्याकडेच राहतेस हेही सांगितलं, आणि "भावोजी, तिकडे येऊ नका" हेही सांगितलं. मी आलो नाही. बसस्थानकावर येऊ नका असं मात्र कोणी म्हणालं नव्हतं.

माझी खबर आधी देतो, म्हणजे ती मागे राहून लपवली असं होणार नाही. औषध बंद केल्यापासून दुपारची झोप परत आली आहे. वीस किलोचं वजन दोन हातांनी उचलतो आणि कोणी विचारलं तर सांगतो, हार्मोन कमी आहे. एका दुकानदाराने लगेच कान जवळ आणून विचारलं, "मिस्त्री, डॉक्टरांचा नंबर द्या." दिला. घरी सांगून जा, असंही सांगितलं. माझं रक्त आता ठीक आहे. सकाळच्या दोन्ही तपासण्यांत हार्मोन पुन्हा खाली आलं, म्हणून डॉक्टर कमी मात्रेचं इंजेक्शन देऊ म्हणतात. त्यातलं दुसऱ्याच्या अंगाला काही लागत नाही. दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं. मी म्हणालो, "आधी घरी विचारतो." डॉक्टर म्हणाले, "घरी कोण आहे?" मी म्हणालो, "विचारायचं आहे एवढं खरं." म्हणून विचारतोय. तू नाही म्हणालीस तर घेणार नाही. काहीच म्हणाली नाहीस, तर वाट बघेन.

नळ दुरुस्त झाला. वॉशर नव्हताच खराब, आतली बैठक झिजली होती. मी भलतंच बदलत होतो.

आज दुपारी काम लवकर संपलं. बसस्थानकावर आलो आणि पाच नंबरच्या फलाटावरच्या बाकावर बसलो. तिथून तुझ्या केबिनची काच दिसते, माणूस दिसत नाही. यंत्र गेलं होतं. तू बोलत होतीस.

आवाज खाली आला आहे. हे मी केलं. आधी तुझ्या आवाजात वरच्या टोकाला एक चढ होता, 'सुटणार आहे' म्हणताना तू तो घ्यायचीस, आणि लोक नकळत उठून उभे राहायचे. तो चढ आता नाही. तू तिथपर्यंत जातेस आणि थांबतेस. मी तासभर ऐकलं. पाच वेळा तू तिथे थांबलीस. पण प्रत्येक अक्षर जागच्या जागी होतं. एकही माणूस चुकीच्या फलाटावर पळाला नाही. शेजारच्या फलाटावरची म्हातारी तिच्या मुलाला म्हणाली, "ही बाई नीट सांगते." मी मान खाली घातली. माझ्या पाठीमागे कोणी माझी स्तुती केली असती तरी एवढं भरून आलं नसतं. आणि एवढं टोचलंही नसतं.

साडेचारच्या सुमारास तू म्हणालीस, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक पाचचं काम चालू असल्याने आज या फलाटावरून एकही गाडी सुटणार नाही."

मी आजूबाजूला पाहिलं. म्हातारी आणि तिचा मुलगा मघाशीच गेले होते. पाच नंबरवर मी एकटाच होतो. मागे खणलेला खड्डा होता, दोरी बांधली होती, मी दोरी ओलांडून बसलो होतो, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तू काचेतून बघत होतीस तर.

प्रत्येक सूचना तू दोनदा देतेस, तो तुमचा नियम आहे. मी दुसऱ्यांदा ऐकायला बसून राहिलो. माइक चालू झाल्याचा खट्ट आवाज आला. तू बोलली नाहीस. कर्ण्यातून नुसती घरघर येत होती, आठही फलाटांवर. लोक वर बघायला लागले.

मग म्हणालीस, "अहो, घरी जा."

सगळ्या बसस्थानकाने ऐकलं. कोणाला काही कळलं नाही. एकाने मात्र बॅग उचलली आणि पुन्हा ठेवली.

दोन महिन्यांनी 'अहो' म्हणालीस. आणि 'घरी या' नाही, 'घरी जा'. मला दोन्ही नीट ऐकू आलं. तू नीट सांगतेस.

मी उठलो, दोरी ओलांडली आणि सरळ घरी आलो. निदान एवढं तरी तू सांगितल्यासारखं केलं, हे कळवायला हे पत्र.

मी